सामूहिक कॉपी आणि सामूहिक अभ्यास

माझा एक मामेभाऊ सांगली जिल्ह्यात ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. फोनवर आमच्या गप्पा बहुतेक वेळा पाऊस, ऊस आणि राजकारण ह्यांच्यावर असतात, पण मध्यंतरी विषय निघाला इथल्या मुलांच्या अभ्यासाचा. मी त्याला सांगत होतो की माझी मुलगी आणि तिच्या वर्गातली चार-पाच मुलं दर रविवारी संध्याकाळी आमच्या बेसमेंटमध्ये जमतात, केमिस्ट्रीची गणितं सोडवतात, एकमेकांचे पेपर तपासतात, आणि हे त्यांच्या बाईंना नुसतं माहीतच नाही तर त्यांनीच तसं करायला सांगितलंय. मामेभाऊ म्हणाला, "अरे, ह्याला आमच्याकडे सामूहिक कॉपी म्हणतात. त्यासाठी भरारी पथक येतं!"

हसून झालं. पण त्या विनोदाने मी थोडा विचारात पडलो. आपल्याकडे विद्यार्थ्यांनी एकमेकांना केलेली 'मदत' म्हटलं की पहिल्यांदा आठवतं ते बारावीचं जर्नल. एकाने ते मन लावून पूर्ण करायचं आणि सबमिशनच्या आदल्या रात्री ते होस्टेलभर फिरायचं. निरीक्षणं तीच, रीडिंग तीच, हिशेबातली चूकसुद्धा तीच! प्रॅक्टिकलच्या पहिल्या बॅचने बाहेर येऊन दुसऱ्या बॅचच्या कानात सॉल्ट कुठलं आहे ते सांगायचं. ही मदत खोटी नव्हती, त्यात मैत्री होती, जोखीमही होती. फक्त केमिस्ट्री नव्हती.

मला आज लिहायचंय ते दुसऱ्या प्रकारच्या मदतीबद्दल. ती इथे मी जवळून पाहतोय. अमेरिकन मुलं स्वभावाने जास्त उदार असतात म्हणून ती होते असं मला मुळीच वाटत नाही. मार्क कसे दिले जातात आणि कशाला दिले जातात, ह्यावर ते ठरतं असं माझं मत आहे.

आधी थोडी माहिती. इथे हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचे काही विषय घेता येतात. त्याला 'अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट' म्हणजे एपी म्हणतात. १९५०च्या दशकापासून हे चालू आहे आणि कॉलेज बोर्ड नावाची संस्था ते चालवते. एपी केमिस्ट्री बहुतेक मुलं अकरावीत किंवा बारावीत घेतात. घेतलाच पाहिजे असं काही नाही, आणि गरीब वस्तीतल्या किंवा आडगावच्या बऱ्याच शाळांत तो शिकवलाच जात नाही, हेही सांगायला हवं. मे महिन्यात देशभर एकच परीक्षा होते. सव्वातीन तास, ६० बहुपर्यायी प्रश्न आणि ७ लेखी. पीरियॉडिक टेबल आणि सूत्रांचा कागद परीक्षेतच देतात, त्यामुळे पाठांतराला वाव कमी. ऑरगॅनिक जवळजवळ नाहीच. पण इक्विलिब्रियम, कायनेटिक्स, थर्मोडायनॅमिक्स, अ‍ॅसिड-बेस, इलेक्ट्रोकेमिस्ट्री हे सगळं आहे आणि शाळेच्या मानाने खोलात आहे. निकाल १ ते ५ अशा आकड्यात येतो. पाच म्हणजे सर्वोत्तम. हा पाच किती जणांना द्यायचा ह्याचा कोटा नसतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लेखी प्रश्नांचा बाज आपल्या 'शास्त्रीय कारणे द्या' सारखा असतो. दोन द्रव दिले, एकाचा उत्कलनबिंदू जास्त आहे, का ते सांगा. कॉलेज बोर्ड दरवर्षी परीक्षेनंतर हे लेखी प्रश्न आणि ते तपासायचे नियम, दोन्ही सर्वांसाठी खुले करतं. कुठल्या वाक्याला एक गुण, काय लिहिलं नाही तर तो जातो, सगळं त्यात असतं. आमच्या बेसमेंटमधला अर्धा वेळ ह्यातच जातो. प्रत्येकाने आपापलं उत्तर लिहायचं, मग कागद शेजाऱ्याकडे द्यायचा आणि शेजाऱ्याने निर्दयपणे तपासायचा. "तू फक्त पाण्यातल्या हायड्रोजन बाँडबद्दल लिहिलंस, दुसऱ्या द्रवात काय आहे ते कुठे लिहिलंय? गुण गेला!" ह्यावर वाद होतात. आवाज चढतात. मी जिन्यावरून ऐकत असतो आणि मनात म्हणतो, बारावीत आपला पेपर असा कुणी आपल्यासमोर तपासला होता का?

एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण ते आपण सगळ्यांनी केलेलं आहे. कॉनिकल फ्लास्कमध्ये ०.१ मोलर अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड २५ मिली, ब्युरेटमध्ये ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साईड, आणि दोन थेंब फिनॉल्फ्थॅलीन. थेंब थेंब सोडत जायचं, हलका गुलाबी रंग टिकला की थांबायचं. २५ मिली पडले की अ‍ॅसिड पूर्ण संपतं. प्रश्न असा होता की त्या क्षणी पीएच किती?

एक मुलगा ठामपणे म्हणाला, सात. अ‍ॅसिड संपलं, बेस संपला, न्यूट्रल झालं, म्हणजे सातच. उत्तर साधारण ८.७ आहे. आता इथे मदत करायचे दोन मार्ग होते. एक म्हणजे "८.७ लिही, हे सूत्र घे, ह्यात घाल." दोन वाक्यांत काम झालं असतं आणि सगळे पिझ्झ्याकडे वळले असते. पण त्यांच्यातली एक कोरियन मुलगी आहे, ती फारशी बोलत नाही. तिने नुसतं विचारलं, "आत्ता फ्लास्कमध्ये काय काय आहे?"

तो म्हणाला, पाणी. आणखी? सोडियम. आणखी? मग बराच वेळ शांतता. "अ‍ॅसिटेट!" मग अ‍ॅसिटेट पाण्यात गप्प बसतं का? नाही, ते पाण्याकडून थोडे प्रोटॉन घेतं, मागे हायड्रॉक्साईड उरतं. म्हणजे द्रावण बेसिक. मग पीएच सातच्या वर असणार हे त्याचं त्यालाच दिसलं, आकडा काढायच्या आधी. आणि मग एकदम त्याच्या लक्षात आलं की म्हणूनच ह्या टायट्रेशनला फिनॉल्फ्थॅलीन वापरतात, कारण त्याचा रंग साधारण ८.२च्या पुढे बदलतो. हे त्याला कुणी सांगितलं नाही. आपल्यापैकी किती जणांनी हे टायट्रेशन पाठोपाठ तीन 'कॉन्स्टंट रीडिंग' येईपर्यंत केलं आणि इंडिकेटर हाच का हा प्रश्न तोंडी परीक्षेत विचारतात म्हणून पाठ केला!

'फ्लास्कमध्ये काय आहे' हा प्रश्न शिक्षकांना सुचत नाही असं नाही. पण ज्याला विषय वीस वर्षं येतोय त्याला अडचण कुठे येते ते आठवतच नाही. ज्या मुलीला ती गोष्ट मागच्याच आठवड्यात कळली, तिला अडखळायची जागा अजून ताजी असते.

शाळेत ह्या मदतीची सीमा आखून दिलेली आहे. प्रयोगाला लॅब पार्टनर असतो, दोघांत एक ब्युरेट. रीडिंग दोघांचं एकच चालतं, अर्थातच. पण गणित, चुकीचं विश्लेषण आणि निष्कर्ष प्रत्येकाने स्वतःच्या शब्दांत लिहायचा. गृहपाठावर चर्चा करा, कागद मात्र बंद करून एकट्याने लिहा. वर्षाच्या पहिल्या दिवशी हे नियम कागदावर मिळतात आणि त्यावर पालकांचीही सही लागते. ते मोडणारे इथेही भरपूर आहेत, त्याबद्दल भ्रम नको. पण बोलणं कुठपर्यंत चालेल आणि कुठे थांबायचं हे मुलांना निदान माहीत असतं. आपल्याकडे एक तर सगळंच निषिद्ध, नाहीतर सगळंच चालतं.

ह्या विषयावर मी थोडंफार वाचलं तेव्हा बर्कलीतला एक अभ्यास सापडला. तो केमिस्ट्रीचा नाही, कॅल्क्युलसचा आहे, पण त्यातूनच पुढचं बरंच निघालं. १९७०च्या दशकात युरी ट्राइझमन नावाचा तरुण कॅलिफोर्निया विद्यापीठात होता. तिथे कृष्णवर्णीय विद्यार्थी कॅल्क्युलसमध्ये मोठ्या संख्येने नापास होत आणि चिनी वंशाचे उत्तम पास होत. का, असं प्राध्यापकांना विचारलं तर उत्तरं तयार होती. जिद्द नाही, पाया कच्चा, घरची गरिबी, घरचं वातावरण. (ही यादी ऐकलेली वाटते ना? आपल्याकडेही फक्त जातीचं नाव बदलून हीच यादी ऐकू येते.) ट्राइझमनने २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी विद्यार्थी निवडले आणि सुमारे दीड वर्ष त्यांच्या मागे मागे हिंडून ते अभ्यास कसा करतात ते पाहिलं. यादीतली एकही गोष्ट टिकली नाही. कृष्णवर्णीय मुलं कॉलेजने सांगितलेला नियम इमानदारीने पाळत होती, वर्गाच्या एका तासामागे दोन तास अभ्यास, म्हणजे आठवड्याला आठ तास. पण एकट्याने. चिनी मुलंही आठ-दहा तास एकट्याने करायची, पण त्यानंतर संध्याकाळी जमायची, बरोबर जेवायची, उत्तरं ताडून बघायची आणि कुणाचं वेगळं आलं तर भांडायची. सगळ्यांनाच एखादं गणित येत नसेल तर ते गणितच अवघड आहे हे त्यांना कळायचं. एकट्या मुलाला मात्र वाटायचं की मलाच येत नाही.

त्यावरून ट्राइझमनने मुलांचे गट बांधले. त्यांना कच्च्या मुलांचा वर्ग म्हटलं नाही, उलट नेहमीपेक्षा अवघड गणितं दिली आणि ती मिळून सोडवायला सांगितली. निकाल पालटले. ह्या कामासाठी १९९२ साली त्याला मॅकआर्थर फेलोशिप मिळाली.

केमिस्ट्रीत हे काम झालं ते न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात. हे कॉलेज म्हणजे स्थलांतरितांच्या आणि कामगारांच्या मुलांचं, १९७६ पर्यंत तिथे फी नव्हती. १९९०च्या दशकात तिथल्या जनरल केमिस्ट्रीच्या वर्गात असा प्रयोग झाला की आदल्या वर्षी हा विषय चांगला केलेल्या विद्यार्थ्याने सहा-आठ जणांचा गट चालवायचा आणि दर आठवड्याला त्यांच्याबरोबर बसून ठरवून दिलेली गणितं सोडवायची. ह्या गटप्रमुखाने शिकवायचं नाही, मार्क द्यायचे नाहीत. आणि मला सर्वांत आवडलेला भाग म्हणजे त्याच्याकडेही उत्तरपत्रिका नसते! उत्तर बरोबर आहे की नाही हे गटाने आपसात पटवून घ्यायचं. ही पद्धत पुढे इतर अनेक कॉलेजांत गेली. ती उभी करणाऱ्यांत एक नाव आहे प्रतिभा वर्मा-नेल्सन. बाईंनी पुणे विद्यापीठातून केमिस्ट्रीची बी.एस्सी. केली आणि पुढे शिकागोत पीएच.डी. पुण्याची प्रॅक्टिकल्स आणि जर्नलं त्यांनीही पाहिली असणारच.

थोडं विषयांतर करतो. मुलांनी मुलांना शिकवायचं ही युक्ती अमेरिकेची नाहीच मुळी. आपल्या पंतोजींच्या शाळेत थोरला मुलगा धाकट्यांकडून उजळणी घेत असे, धूळपाटीवर गिरवून घेत असे. मद्रासला अनाथ मुलांची शाळा चालवणाऱ्या अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याने एका देशी शाळेत वाळूत अक्षरं गिरवणारी मुलं पाहिली आणि आपल्याकडे ती पद्धत आणली, मुलांनाच शिक्षक करून. १७९७ साली त्याने त्यावर लंडनमध्ये पुस्तक काढलं. तिकडे जोसेफ लँकेस्टरने तशाच शाळा काढल्या आणि १८०६ साली तशी शाळा न्यूयॉर्कमध्ये सुरू झालीसुद्धा. तेव्हा 'तिकडचं फॅड' म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. असो.

आता अडचणीचा भाग. आमच्याकडच्या गणपतीच्या जेवणात एका ओळखीच्या गृहस्थांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुमची मुलगी सगळ्यांना समजावत बसते. चांगलं आहे, पण पुढच्या वर्षी हीच मुलं त्याच कॉलेजांना अर्ज करणार आहेत, लक्षात आहे ना?" गृहस्थ वाईट नाहीत. त्यांची काळजी अगदी निराधारही नाही. इथे कॉलेजप्रवेशात शाळेतल्या चार वर्षांचे ग्रेड, शिक्षकांची पत्रं, काही शाळांत वर्गातला क्रमांक, हे सगळं बघतात. एकाच शाळेतले पाच जण एकाच विद्यापीठाच्या दारात उभे असतात. कॉलेजात तर काही वर्गांत ठरावीक टक्क्यांनाच 'ए' देतात. डॉक्टरकीला जाऊ पाहणाऱ्या मुलांच्या ऑरगॅनिकच्या वर्गात कोण कोणाला नोट्स देत नाही ह्याच्या कथा इथे घरोघरी सांगतात. म्हणजे जिथे 'ए' मोजूनमापून वाटतात तिथे अमेरिकन मुलंही आपल्यासारखीच वागतात. एपीच्या पाचला कोटा नाही, आणि मुलीच्या बाई वर्गात एकाचे मार्क दुसऱ्याच्या मार्कांवर ठरवत नाहीत, म्हणून आमचं बेसमेंट भरतं.

गंमत म्हणजे हाच हिशेब आपल्याकडे केला तर उलटा निघतो. आपल्याकडे पर्सेंटाईल. दुसरा पुढे गेला की मी मागे, म्हणून क्लासमधल्या शेजाऱ्याला अवघड गणिताची वही दाखवायची नाही. पण इंजिनियर माणसाला आकडे घालून बघायची खोड असते. समजा सीईटीला तीन लाख मुलं बसली, आणि तुम्ही पाच मित्रांना इतकं उत्तम शिकवलंत की पाचही जण तुमच्या पुढे गेले. तुमचा पर्सेंटाईल किती घसरला? ०.००२ सुद्धा नाही. आणि त्यांना समजावताना तुमचं एक गणित जरी पक्कं झालं तरी त्याच्या कितीतरी पट वर चढलात. म्हणजे इथल्या गृहस्थांची भीती थोडी तरी खरी आहे, शंभर-दोनशे मुलांच्या शाळेतली. लाखोंच्या परीक्षेत शेजारच्या बाकावरच्या मित्राची भीती बाळगणं हे गणितातच बसत नाही. ती भीती घालतं कोण? आम्ही, पालक. आणि क्लासच्या भिंतीवरचे टॉपरांचे फोटो.

मुलीला मी गृहस्थांचं बोलणं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, बफरचं सूत्र मी सहा आठवडे वापरत होते. त्यात लॉग का येतो हे मला कुणी विचारलं तेव्हा कळलं की मला माहीतच नाहीये." आणि निघून गेली, बास्केटबॉलला.

इथल्या ह्या व्यवस्थेला नाटकी बाजूही आहे. 'नॅशनल ऑनर सोसायटी' म्हणून एक संस्था आहे, १९२१ साली स्थापन झालेली, हुशार मुलांना तिचं सदस्यत्व मिळतं. शाळाशाळांत तिच्या सदस्यांना सेवेचे तास भरावे लागतात आणि दुसऱ्याला शिकवणं त्यात मोजतात. त्यामुळे काही मुलं 'मदत' करतात ती घड्याळ लावून, आणि तास भरला की सहीसाठी फॉर्म पुढे करतात. कॉलेजच्या अर्जात ती ओळ छान दिसते. आणि ज्या मुलीने नुसतं 'फ्लास्कमध्ये काय आहे' विचारलं, तिच्या तासांची कुठेच नोंद नाही.

प्रोजेक्टचं तर विचारूच नका. एपीची परीक्षा मेच्या सुरुवातीला होते आणि आमच्या न्यू जर्सीत शाळा जूनच्या मध्यानंतर सुटते. मधल्या आठवड्यांत बाई गटाने प्रोजेक्ट करायला लावतात. संत्र्याच्या रसातलं क जीवनसत्त्व आयोडीनने मोजा, खेळाडूंच्या पेयातला निळा रंग किती ते प्रकाश शोषून किती जातो त्यावरून काढा, वगैरे. कल्पना चांगल्या आहेत, पण चौघांच्या गटात एक राबतो, एक पोस्टर रंगवतो, एक खाऊ आणतो आणि एक फक्त नाव लावतो. हा चौथा माणूस जगात सगळीकडे आहे, ऑफिसातही आहे. काही शिक्षक प्रत्येकाकडून गुप्त चिठ्ठी घेतात, कुणी किती काम केलं ह्याची. मला त्यापेक्षा बाईंची दुसरी युक्ती जास्त पटली. सादरीकरणात कोण बोलणार हे त्या ऐनवेळी ठरवतात, आणि प्रश्न त्या माणसाने न केलेल्या भागावर विचारतात. मग राबणाऱ्याला बाकीच्या तिघांना शिकवल्याशिवाय गत्यंतर नसतं. देशपातळीवरच्या मोठ्या विज्ञान स्पर्धांतही हा पेच आहेच. आंतरराष्ट्रीय विज्ञान-इंजिनियरिंग मेळ्यात तीन जणांपर्यंतचा गट चालतो, तर आज 'रीजनेरॉन'च्या नावाने ओळखली जाणारी, १९४२ पासून चालत आलेली सायन्स टॅलेंट सर्च मात्र एकट्याचंच काम घेते.

नुसतं उत्तर हवं असेल तर आता मित्र लागत नाही, फोनमधला चॅटबॉट सगळ्या पायऱ्यांसकट लिहून देतो. आमच्या बेसमेंटमध्येही फोन असतातच. फोन समोर ठेवून गणित सोडवलं की सगळ्यांना आलं असं वाटतं, आणि पुढच्या रविवारी कुणालाच येत नाही. म्हणून मुलांनीच आता नियम केलाय, पहिला एक तास फोन जिन्यावर.

मामेभावाला हे सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आमच्याकडे बेसमेंट नाहीत रे, आणि बोर्डाचा अभ्यासक्रम संपवता संपवता फेब्रुवारी उजाडतो." दोन्ही खरं आहे. पण पुण्या-सांगलीत, आता तालुक्याच्या गावीसुद्धा, गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत. मी गेल्या खेपेला पुण्यातल्या एकीत डोकावलो होतो. साठेक मुलं खांद्याला खांदा लावून बसलेली, प्रत्येकाच्या समोर प्लायवूडचा आडोसा आणि भिंतीवर 'शांतता राखा'. बर्कलीतली ती एकटी मुलं मला तिथे एकदम साठ दिसली. शांतता हवीच, तिथे कितीतरी मुलं घरी जागा नाही म्हणून येतात. पण अशाच एका अभ्यासिकेने मागची एखादी खोली बोलायला मोकळी ठेवावी, संध्याकाळी सात ते नऊ. एक फळा, खडू, आणि भिंतीवर पीरियॉडिक टेबल. मामेभाऊ म्हणतो, जागामालक तयार होईल, पण पालक विचारतील की त्या खोलीत मुलं गप्पा मारत बसली तर? मारतील की थोड्या. दिवाळीच्या सुट्टीत तो त्याच्या बारावीच्या आठ पोरांना घेऊन महिनाभर करून बघणार आहे. टायट्रेशनचा तो प्रश्न मी त्याला पाठवलाय, उत्तर न लिहिता.